वहीतले दहा कोरे दिवस

सासऱ्यांचा ईमेल मी बघतो. एकदा 'तुमचं पार्सल अडकलं आहे' असल्या कुठल्याशा मेसेजवर त्यांनी टिचकी मारली आणि पुढचे चार दिवस आम्ही सगळे बँकेच्या फोनवर लटकलो. तेव्हापासून बायकोने हे काम माझ्या गळ्यात घातलं. माणूस तिने बरोबर निवडला. लंडनजवळ ब्रॅकनेलला मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याने 'झालं, व्यवस्थित चालतंय' म्हटलं की ते कुठे चालत नाही हे शोधण्याचा मला पगार मिळतो. पगार नसता तरी मी तेच केलं असतं. स्मोक अलार्म तपासायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र मी त्याच्या गळ्यातून काढून घेऊन उजेडात धरून बघितलं होतं, हे आमच्या रस्त्यावर अजून सांगतात. माझी आई पुण्याहून फोनवर म्हणते, लोक ताक फुंकून पितात, तू पाणीसुद्धा फुंकून पितोस.

तर गेल्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातून एका अनोळखी माणसाचा ईमेल आला. सत्तरच्या दशकात अमुक एका रेसिंग टीमबरोबर इंजिनं सांभाळायला आलेले भारतीय फिटर ते तुम्हीच का, अशी सुरुवात. सोबत एक फोटो जोडलेला. अनोळखी माणूस, खुशामतीची सुरुवात, उघडायला सांगितलेली फाईल: डिलीट करायला याहून जास्त काय लागतं? पण फोटोची फाईल मी दोनदा स्कॅन करून उघडली, आणि त्यात माझ्या बायकोचं नाक होतं.

नाक म्हणजे तिच्या वडिलांचं. एका शर्यतीच्या गाडीसमोर पाचजण उभे, सगळ्यांच्या अंगात ओव्हरॉल्स. कडेला एक काटकुळा, मिशाळ, उन्हाने डोळे बारीक केलेला तरुण. त्याच्या खांद्यावर शेजारच्या धिप्पाड, लालसर केसांच्या माणसाचा हात होता.

पत्र लिहिणाऱ्याने ती गाडी एका शेतातल्या शेडमधून विकत घेतली होती आणि दुरुस्त करून पुन्हा उभी केली होती. आता ती प्रदर्शनात ठेवायची होती आणि सोबत त्या सीझनची हकीकत सांगणारी एक पुस्तिका छापायची होती. त्याने लिहिलं होतं, त्या वर्षीची सगळ्यात लांब शर्यत या गाडीने जिंकली आणि त्याच संध्याकाळी तो विजय काढून घेतला गेला, कारण इंजिनात नेमकं काय बेकायदा आहे हे कुणीतरी समोरच्या टीमला सांगितलं. पन्नास वर्षं सगळे म्हणतात की टीमच्या हेड फिटरनेच फितुरी केली. हेड फिटर हयात आहेत, एक्क्याऐंशीचे. ते यावर काही बोलत नाहीत. त्यांचं नाव फितूर म्हणून छापण्याआधी त्या वेळी हजर असलेल्या आणखी कुणाला तरी विचारावं असं वाटलं. हेड फिटरना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, इंडियनला विचार.

इंडियनला विचार. हे वाचलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण तो सीझन मला पाठ होता. लग्नाला नऊ वर्षं झाली. बर्मिंगहॅमला सासऱ्यांकडे गेलं की जेवणानंतर ऑस्ट्रेलिया ठरलेलं. ते मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये वाढलेले. विशीत बर्मिंगहॅमला आले आणि शर्यतीची इंजिनं बांधणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथून ऑस्ट्रेलियातल्या एका टीमने इंजिनं घेतली आणि ती सांभाळायला सीझनभर एक माणूसही मागून घेतला. तो माणूस हे. टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच गाडी शर्यतीत पळवायची. आत काय बदलायचं आणि काय नाही याचे नियम जाडजूड, आणि त्या नियमांच्या फटीतून हात घालणं हीच तिथली खरी कारागिरी, असं ते सांगायचे. माश्या, धूळ, ट्रॅकवर आलेली कांगारूची जोडी, डोंगर चढून उतरणारं सर्किट, त्यांना पोहायला शिकवणारा हेड फिटर. 'त्यानं मला पाण्यात ढकललं आणि स्वतः मागनं उडी मारली,' असं ते सांगायचे आणि खुदकन हसायचे.

फक्त एक होतं. गोष्ट कायम त्या लांब शर्यतीच्या आदल्या आठवड्यात येऊन थांबायची. पुढे काय झालं विचारलं की 'मग काय, आलो परत,' आणि ते उठून चहा टाकायला जायचे. बाकीच्यांच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं होतं.

शनिवारी आम्ही बर्मिंगहॅमला गेलो. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या दोन ओळी वाचल्या, फोटो मोठा करून बघितला आणि लॅपटॉप मिटला.

"स्कॅम असंल," ते म्हणाले. "काढून टाका, जावईबापू."

ज्या माणसाने पार्सलवर टिचकी मारली, टीव्ही लायसन्सच्या खोट्या मेसेजला फोन लावून 'सॉरी' म्हटलं, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता की स्कॅम असेल. आणि तेही स्वतःचा फोटो समोर असताना. खाई त्याला खवखवे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बायकोने टेबलाखालून पाय मारला.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. सासऱ्यांनी मला लॉफ्टमधून आकाशकंदील काढून आणायला सांगितलं. कंदिलाच्या खोक्यामागे पत्र्याची एक टूलबॉक्स होती आणि तिच्या वरच्या कप्प्यात ऑइलकापडात गुंडाळलेली एक वही. पहिल्या पानावर शाईने 'ऑस्ट्रेलिया'. ती वही मी स्वेटरखाली घातली, खाली उतरलो आणि कंदील त्यांच्या हातात दिला. विचारून घ्यायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण विचारलं असतं तर तेही त्यांनी चहावर नेलं असतं.

ब्रॅकनेलला परतल्यावर मी तीन संध्याकाळी ती वाचून काढली. दर दिवसाला अर्धं पान. झडपांमधली फट, तेलाचं प्रेशर, प्लगचा रंग, सगळं बारीक अक्षरात, आणि आकडेसुद्धा मराठीत. टीमच्या मालकाने पहिल्याच आठवड्यात ही वही उघडून बघितली होती, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. एक अक्षर कळेना म्हणून मालकाची झोप उडाली होती. आज मी तिच्यावर वाकून बसलो होतो, मला प्रत्येक अक्षर कळत होतं, आणि माझी अवस्था त्या मालकापेक्षा फार वेगळी नव्हती.

लांब शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या पानावर फक्त तीन शब्द होते. 'खंडेनवमी. पूजा. शिरा.' पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचं कोरं. मी मोजलं, दहा दिवस कोरे. फेब्रुवारीपासून ताप आला तरी एक दिवस न चुकवलेल्या माणसाचे सलग दहा दिवस कोरे. आणि अकराव्या दिवशी, त्याच शांत अक्षरात: 'आजपासून हेडचं काम माझ्याकडे.'

लॉगमध्ये जिथे खाडा असतो तिथे बग असतो, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. इथे तर खाड्याच्या पलीकडे बढती उभी होती. मित्र गेला, यांना त्याची जागा मिळाली. पाणी कुठे मुरतंय हे दिसायला मला आणखी काही नको होतं. माझ्या डोक्यात सगळी केस उभी राहिली: समोरच्या टीमला कुणी सांगितलं, का सांगितलं, बदल्यात काय मिळालं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा तो आनंद होता, आणि तो माझ्या बायकोच्या बापाबद्दल होतोय हे मला उशिरा सुचलं.

बायको इथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते. तिला देवनागरी लिपी कशीबशी लागते. ती वही तिला आयुष्यभर वाचता आली नसती. मी स्वयंपाकघरात तिला सगळं मुद्देसूद सांगितलं.

"बाबाची वही तू घरी आणला? त्याला न विचारता?"

"तो मुद्दा नाहीये."

"तोच मुद्दा आहे! आणि तू काय बोलतोय, माझा बाबा चोर आहे?"

"चोर नाही. फितूर."

"म्हणजे काय?"

ते मला समजावून सांगावं लागलं. आपल्या माणसांची बातमी गुपचूप शत्रूला देणारा, असं मी इंग्रजीत म्हणालो, आणि माझे स्वतःचेच शब्द ऐकून मला कसंतरी झालं. तिने सिंकमधलं एक भांडं घासून निथळत ठेवलं. मग म्हणाली, "You know what? माझ्या बाबाला विचार. त्याच्या तोंडावर. मला नाही. तुला सगळ्यांवर डाउट आहे, पण विचारायचा डेअरिंग नाही तुझ्यात."

हे लागलं, कारण खरं होतं. मी आयुष्यभर संशय घेतला तो कागदांवर, मेसेजवर, ओळखपत्रांवर. माणसाला समोर बसवून 'तुम्ही हे केलंत का' असं मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा बर्मिंगहॅम. सासरे मागच्या गॅरेजमध्ये होते, शेजाऱ्याच्या लॉनमोवरचं इंजिन खोलून बसलेले. मी वही त्यांच्यासमोर बेंचवर ठेवली. त्यांनी हात पुसले, वही बघितली, मला बघितलं. त्यांचा चेहरा असा तापला की मी एक पाऊल मागे सरलो.

"जावई हायसा म्हणून गप बसतोय," ते म्हणाले. "न्हायतर उद्यमनगरात दुसऱ्याच्या पेटीला हात लावला तर काय करतात, ठाऊक हाय?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण बाबा, त्या माणसाचं नाव छापणार आहेत. हेड फिटरनेच सांगितलं म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं का समोरच्या टीमला?"

बायको दारात उभी होती. सासरे स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांनी वही उघडली, खंडेनवमीचं पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे केलं," ते म्हणाले. "मी हे केलं."

मग जे त्यांनी सांगितलं ते असं.

गाडीच्या इंजिनात एक कॅमशाफ्ट होता. कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर उंचवटे असलेला लोखंडी दांडा. इंजिनाच्या झडपा केव्हा आणि किती उघडायच्या ते तो ठरवतो. नियम असा की शोरूमच्या गाडीत असतो तोच दांडा पाहिजे. टीमने उंचवटे थोडे जास्त ठेवून वेगळे दोन घासून घेतले होते. एक गाडीत, दुसरा जादाचा, ऑइलकापडात गुंडाळून कुलपाच्या पेटीत. पेटीच्या किल्ल्या दोन, एक हेड फिटरकडे, एक यांच्याकडे. परवानगीचे कागद येतायत असं मालक महिनोन्महिने म्हणत होता. आले नाहीत.

शर्यत रविवारी, आणि तो रविवार दसऱ्याचा. शनिवारी खंडेनवमी. कोल्हापुरात खंडेनवमीला वर्कशॉप बंद ठेवून सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, फुलं वाहतात आणि त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. लेथपासून पान्यापर्यंत एकही वस्तू पूजेतून वगळत नाहीत. शर्यतीच्या आदल्या दिवशी आपण हत्याराला हात लावणार नाही, असं यांनी मालकाला सांगितलं. मालक भडकला. हेड फिटर मध्ये पडला. आजचं यांचं काम मी माझ्या पान्यांनी करतो म्हणाला, आणि सकाळी स्वतः यांना गावात ग्रीक माणसाच्या दुकानात घेऊन गेला, कारण रवा तिथेच मिळायचा.

"शिरा मी स्टोव्हवर केला," सासरे म्हणाले. "टेबलावर चादर अंथरली. मायक्रोमीटर, पाने, टॉर्क रेंच, समदं मांडलं. आणि मग वाटलं, पेटीतला तो दांडा राहिला. उद्या तसल्याच दांड्याच्या जिवावर पळायचं आणि ह्याला अंधारात ठेवायचं? त्याला कुंकू नको? मी किल्ली काढली आणि तो बाहेर काढला."

त्यांनी वही मिटून बाजूला सारली.

"प्रसादाला कुणाला न्हाय म्हणत न्हाईत. मी पिट्समधनं, गाड्या लावतात तिथनं, ओरडत गेलो, या, या. आमचे आले, दुसरे आले. समोरच्या टीमचा एक फिटर आला. दोनदा शिरा घेतला. मग त्यानं दांडा उचलला आणि बोटानं फिरवला. वर कुंकू हाय, फूल हाय, आणि ह्यो फिरवून फिरवून बघतोय. खिशातनं माप घ्यायचा व्हर्नियर काढला. मग पेन्सिल काढली. मी बघत होतो."

"मग तू काय केला, बाबा?" बायकोने विचारलं.

"काय न्हाय केलं. शिरा वाढत ऱ्हायलो."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. शनिवारची दुपार होती. शर्यत दुसऱ्या दिवशी. तेव्हाच मालकाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत इंजिनातला दांडा बदलून शोरूमचा बसवता आला असता. मी तसं म्हणालो. म्हणायला नको होतं.

"मला काय ठाऊक न्हाय?" ते ओरडले. "पन्नास वर्षं तेच करतोय मी! रोज तो दांडा बदलतोय!"

लॉनमोवरच्या भागांमधला एक नट खाली पडून घरंगळत गेला. कुणी उचलला नाही.

मालक आधीच पूजेवरून पेटला होता. त्यात हे सांगितलं तर बर्मिंगहॅमला परत पाठवेल, तिथलं कामही जाईल आणि मग कोल्हापूर, अशी भीती वाटली. शिवाय वाटलं, बघितलं असेल त्याने, काही करणार नाही. रविवारी टीम जिंकली. दसरा होता, म्हणून यांनी निलगिरीची पानं तोडून सगळ्यांना सोनं म्हणून वाटली, हेड फिटरच्या पाया पडायला गेले तर त्याने उचलूनच घेतलं. तासाभरात शर्यतीचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी बाकी काही बघितलं नाही. फक्त कॅमशाफ्ट काढा म्हणाले.

विजय गेला. मग कुणी सांगितलं याची चौकशी सुरू झाली. किल्ल्या दोन, माणसं दोन. हेड फिटर दोन वर्षांपूर्वी त्याच समोरच्या टीममध्ये होता. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "इंडियनला सोडा. त्याला त्यातलं काय कळतंय, तो पान्यांना फुलं वाहतो." सगळे हसले.

"कुणी आपल्याला मूर्ख म्हटलं तर राग यायला पाहिजे," सासरे म्हणाले. "मला बरं वाटलं. मी त्या हसण्याच्या आड लपलो. हेडला त्याच आठवड्यात काढला. नंतर कुठल्या टीमनं घेतला न्हाय त्याला. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, असं ऐकलं. आणि त्याचा बेंच मला दिला. मी घेतला."

मी नऊ वर्षं त्यांच्या गोष्टीतली फट बघत होतो आणि आत काहीतरी हुशारीचं, पैशाचं, डावाचं असेल असं धरून चाललो होतो. निघालं काय, तर शिऱ्याचं पातेलं आणि एक घाबरलेला पोरगेला माणूस. माझा संशय खरा ठरला होता आणि मला त्याची लाज वाटत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

आता काय करायचं हा प्रश्न उरला. सासरे म्हणाले, "झाकली मूठ ऱ्हाऊ द्या. तो पण बोलत न्हाय, मी पण बोलत न्हाय." बायको त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, तेलकट काँक्रीटवर, चांगल्या पँटमध्ये. "बाबा, त्यांची नाव छापतील. ते मरेल आणि लोक तेच वाचेल." तिचं मराठी असं मोडतं तेव्हा एरवी ते दुरुस्त करतात. त्या दिवशी केलं नाही.

आणि मी? मला अजूनही वाटत होतं की 'इंडियनला विचार' हा सापळा आहे. त्या म्हाताऱ्याला काहीतरी वदवून घ्यायचं आहे, छापायचं आहे, सूड घ्यायचा आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असंल. घेऊ दे की."

आम्ही रात्री तिथेच राहिलो. रविवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे संध्याकाळ असताना, मी ईमेलवाल्याने कळवलेला हेड फिटरचा नंबर लावला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बोलणं इंग्रजीत झालं. मी आठवेल तसं मराठीत लिहितोय.

पलीकडून जाड, सावकाश आवाज आला. सासऱ्यांनी आपलं नाव सांगितलं. त्या माणसाने ते एकदा उच्चारून बघितलं, चुकीचं. मागे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

सासऱ्यांनी आदल्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं, पण उभं राहून. पेटी, दांडा, व्हर्नियर, पेन्सिल. "मी बघितलं आणि मी बोललो नाही. आधी नाही आणि नंतर नाही. तुझं काम गेलं ते माझ्यामुळे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदाही फुटला नाही.

"मला माहीत होतं," पलीकडचा आवाज म्हणाला.

सासरे खाली बसले.

"समोरच्या टीमने तक्रार केली तेव्हा मी तिथे उभा होतो. त्या माणसाने सिगारेटचं पाकीट काढलं. त्यावर आकडा लिहिलेला होता आणि शेजारी लाल अंगठा उमटलेला. तुझी ती लाल पावडर. मला तेव्हाच कळलं."

"मग तू सांगितलं का नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं. "मालकाला का नाही सांगितलंस?"

"ते तुझं होतं सांगायचं," तो म्हणाला. "मी तीन दिवस वाट बघितली. गॅरेजमध्ये तुझ्या शेजारी उभा राहून वाट बघितली. मला वाटलं, आज सांगशील. चौथ्या दिवशी मी माझी पेटी भरली."

मी फोनकडे बघत होतो. या म्हाताऱ्याला काय हवंय याची माझ्याकडे चार उत्तरं तयार होती आणि त्यातलं एकही हे नव्हतं.

"मी तुझ्या जागेवर काम केलं," सासरे शेवटी म्हणाले.

"ऐकलं होतं. चांगलं केलंस म्हणे." मग, "आता त्या पोराला काय छापायचं ते तू कळव. मी थकलोय." आणि ठेवता ठेवता, "बरं झालं फोन केलास." फोन बंद झाला.

बायको वडिलांच्या पाठीवर हात फिरवत होती. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि मला लॅपटॉप उघडायला सांगितलं. ते एकेक वाक्य मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेलो. हेड फिटरने कुणालाही काही सांगितलं नाही. कॅमशाफ्ट मी बाहेर काढला. त्या माणसाला मी बोलावलं. त्याने आकडा लिहिला तेव्हा मी बघत होतो. हेड फिटरला काढलं तेव्हाही मी बघत होतो. एका ठिकाणी मी 'भीतीपोटी' असा शब्द घातला. त्यांनी तो काढायला लावला.

खाली मी त्यांचं नाव आणि आडनाव लिहिलं, इथे लिहितात तसं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन वाचली.

"वडलांचं नाव ऱ्हायलं," ते म्हणाले.

"इथे ते लिहीत नाहीत, बाबा."

"लिहा. पुरं नाव घाला. ह्या नावाचे ह्याच गावात आणखी दोघं हायत. पुन्हा दुसऱ्याच कुणावर जायला नको."